पेन्सिलीच्या आधीची टकटक

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकलो आहे, बाकीचा समजून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्काम ठोकून आहे? आम्ही दोघं बरे आहोत. तुझी भावजय विचारते, की तिने विणलेला स्वेटर तू घालतेस की घडी करून ठेवलायस. मी म्हटलं, आमची आक्का वस्तू वापरत नाही, जपते. त्यावर ती म्हणाली, तुम्हीही तसेच, फक्त तोंड तेवढं वापरता. तू मला लहानपणी 'रेडिओ' म्हणायचीस हे हिला कोणी सांगितलं देव जाणे, पण आता घरी दुरुस्तीची कामं घेऊन येणारी गिऱ्हाइकंसुद्धा रेडिओकाका आहेत का म्हणून विचारतात. पत्राला तसं खास कारण नाही. हाताला काम कमी आहे, तोंडाला कधीच कमी नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

मध्यंतरी माझ्याकडे एक गिटारवाला आला. उंच, खांदे पाडून चालणारा, आणि बोलणं असं की जणू शब्दाला जकात लागते. त्याला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर करून हवा होता. व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या जुन्या रेडिओत मागच्या बाजूला तांबूस पेटायचे ते काचेचे दिवे. एरवी गिटारवाले व्हॉल्व्ह मागतात ते आवाज फाटावा म्हणून. जोरात वाजवलं की व्हॉल्व्ह खरखरतो आणि त्या खरखरीवर ही मंडळी जीव टाकतात. हा म्हणाला, मला फाटलेला नको, कितीही जोरात वाजवलं तरी फक्त तार ऐकू यावी. मला माणूस एकदम पसंत पडला. आवाज फाटतो तो यंत्राचा दम कमी पडतो तेव्हा, म्हणून मी दम भरपूर ठेवायचं ठरवलं आणि असा जाडजूड ट्रान्सफॉर्मर आणला, की तो जिन्यातून वर चढवायला तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना हात लावावा लागला. (त्यांनी हात लावला आणि तोंड माझ्याएवढंच चालवलं.) ही म्हणाली, एवढं ओझं वर आणून निघणार काय, तर टिंग टिंग. मी दुर्लक्ष केलं. कलावंताला ते जमावं लागतं.

आता व्हॉल्व्हच्या यंत्राला एक जन्मखोड असते. कोणी वाजवत नसलं तरी ते आपलं बारीक गुणगुणत राहतं. ती गुणगुण घालवायची म्हणजे घरातले ढेकूण घालवण्यासारखं आहे, एक मारला की दुसरा गादीत असतोच. वायरींची जागा बदलली, जमिनीकडे जाणाऱ्या सगळ्या तारा एकाच खिळ्याला आणून बांधल्या, पहिल्या व्हॉल्व्हवर पत्र्याची टोपी घातली. बरीचशी गेली. मग आमची नेहमीची परीक्षा घेतली. यंत्र चालू ठेवायचं आणि प्रत्येक व्हॉल्व्हला पेन्सिलीने हळूच टकटक करायचं. चांगला व्हॉल्व्ह गप्प बसतो. बिघडलेला असेल तर स्पीकरमधून ती टकटक ऐकवतो, म्हणजे तो खोलीतले धक्के आणि आवाज पकडतोय असं समजायचं आणि बदलायचा. भर दुपारी, उजेडात, मी पेन्सिल उचलली आणि व्हॉल्व्हकडे नेली. स्पीकरमधून टक आलं. पेन्सिल अजून वीतभर लांब होती.

मी म्हटलं, उगाच भास. पुन्हा हात उचलला, पुन्हा आधी टक. मग मला ईर्ष्या चढली. म्हटलं, आता टक येऊ दे, मी मारणारच नाही, बघू काय करतोस. टक आलं. मी पेन्सिल शहाण्यासारखी कानावर खोचली, हात मागे बांधले आणि विजयाने मान डोलावली. त्या डोलावण्यात पेन्सिल कानावरून घसरली आणि बरोबर व्हॉल्व्हवर पडली. हिला हाक मारावीशी वाटत होती आणि मारवत नव्हती.

शहाणा माणूस असता तर त्याने तो व्हॉल्व्ह काढून फेकला असता. पण मी गुणगुणीच्या मागे लागलेला, आणि तुला माहीत आहे, मी एकदा हट्टाला पेटलो की ऐकत नाही. मी यंत्र अजून साफ करत गेलो. जसजशी गुणगुण कमी होत गेली, तसतसं ते पुढचं पुढचं ऐकवायला लागलं. आधी डोळ्याची पापणी लवते तेवढं पुढचं, मग चहा निवेल तेवढं, मग उद्याचं. मला वाटतं गुणगुण हा पडदा होता, आणि तो मीच घासून घासून पातळ केला. एकदा कप फुटल्याचा आवाज आला. ही माझ्यापेक्षा हुशार, तिने घरातले सगळे कप कपाटात घालून कुलूप लावलं आणि आम्ही दोघं स्टीलच्या भांड्यातून चहा पीत बसलो. दुसऱ्या दिवशी शिंपीकाका स्वतःचा कप घेऊन साखर मागायला वर आले, यंत्र कुठवर आलं म्हणून आत डोकावले, आणि चौकटीला हात आपटून कप खाली. ही साखर देताना रडायला लागली. काका म्हणाले, अहो वहिनी, कप जुनाच होता.

गिटारवाला येऊन वाजवून गेला. त्याने तार छेडण्याआधीच सूर निघत होता, आणि खरं सांगू, असा स्वच्छ सूर मी जन्मात ऐकला नव्हता. त्याला एक चूक आधी ऐकू आली, ती टाळायला त्याने बोट दुसरीकडे सरकवलं, आणि बोट नेमकं त्या चुकीवरच पडलं. गिटार पेटीत ठेवून तो म्हणाला, आवाज उत्तम आहे काका, पण माझ्याआधी वाजतो, एवढं दुरुस्त करा. (जसं काही बटण सैल झालंय.) मी होकार दिला. दुरुस्त करता करता हातून ते अजूनच साफ झालं, आणि हल्ली किती पुढचं ऐकू येतं ते मला नेमकं सांगता येत नाही. आठवड्याचं असेल, पंधरवड्याचं असेल.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सवड मिळाली तर चार दिवस येऊन जा.

तुझा,
रेडिओ

ता. क. सवड मिळाली तर असं वर लिहिलंय ते खोडून वाच. सवड काढ. परवा मी यंत्र लावलं तर त्यातून खूप माणसांचा आवाज आला. सगळी हळू बोलत होती. यंत्राला फक्त ही खोली ऐकू येते, तेव्हा बाहेर जागा पुरली नाही म्हणून ती इकडे बसली असणार. शिंपीकाका कोणाला तरी पाणी द्या म्हणत होते. हिचा आवाज होता, पण तो कसा होता ते लिहीत नाही. आक्का, मी कान लावून शेवटपर्यंत ऐकलं. त्यात मी नव्हतो. माझ्या घरात एवढी माणसं जमलीत आणि मी बोलत नाही, असं कधी झालंय का? डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने छाती, पाठ, जीभ सगळं पाहिलं आणि ठणठणीत म्हणाला. मला खूप भीती वाटते.

ता. क. २. त्या आवाजांत तूही होतीस. आत आलीस आणि हिला म्हणालीस, "मला आधी का नाही कळवलं?" एवढं एकच वाक्य. मी त्यावर विचार करकरून डोकं पिकवलंय. बाकीच्या लोकांचं मला काही करता येत नाही, पण तुला मी आधी कळवू शकतो. कळवलं, तर ते वाक्य तुला बोलताच येणार नाही. ते नाही बोललीस तर यंत्र एकदा तरी चुकलं. आणि एकदा चुकलं, तर बाकीचंही चुकीचं असेल. माझ्या हातात एवढंच आहे, आणि ते तुझ्या तोंडात आहे. इथे आलीस की काहीही बोल, मला शिव्या दे, पण ते वाक्य बोलू नकोस.

ता. क. ३. हे पाकीट पेटीत टाकायला निघालो होतो. चप्पल घालता घालता सहज यंत्र लावलं. पोस्टमन आला होता. म्हणाला, या पत्त्यावर कोणी सापडलं नाही, पत्र परत आलंय. हिने त्याला सांगितलं, ठेवा तिथे. त्यातही माझा आवाज नव्हता.

म्हणून हे पोस्टाने पाठवत नाही. तुझ्याकडे फोन नाही, नाहीतर तारेवरच ओरडलो असतो. गिटारवाला उद्या तुमच्या गावी वाजवायला चाललाय. त्याला सांगितलंय, पत्त्यावर नाही मिळाली तर दारोदार विचार, पण पत्र तिच्याच हातात दे आणि ती वाचेपर्यंत उभा राहा. तो आत्ता तुझ्यासमोर उभा असेल. त्याला पाणीबिणी नंतर विचार, आधी चप्पल घाल.