पायाशी पडलेली तबकडी

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असाल. पत्र बघून धसका घेऊ नकोस. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, हे तू सारखं विचारते आहेस. तेही लिहितो, पण आधी आजची गंमत ऐक.

डेपोने माझ्या हातातली बस काढून मला स्टोअरमध्ये नटबोल्ट वाटायला बसवलं, तेव्हापासून मी घरात तोंड पाडून असतो. म्हणून आमच्या मेकॅनिकने आज मला ओढत खेळायला नेलं. डिस्क गोल्फ म्हणतात. बशीपेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची तबकडी फेकायची. लांब एका खांबाला लोखंडी साखळ्या लोंबत असतात, खाली टोपली. साखळ्यांवर आपटून तबकडी टोपलीत पडली की झालं, मग पुढची टोपली. मला वाटलं मोकळं मैदान असेल, तर हे सगळं दाट झाडीत! दोन्हीकडे खोडंच खोडं, मधे बोळाएवढी वाट.

मेकॅनिकचे दोन मित्र होते, एक न्हावी आणि एक शाळामास्तर. जुने खेळणारे, तरी दोघांच्याही तबकड्या झाडांवर आपटल्या. न्हावी मला म्हणाला, "झाडाकडे बघायचंच नाही. बघितलं की तिकडेच जाते."

माझ्यापुढे तो प्रश्नच नव्हता. मला झाडं दिसतच नव्हती गं, समोरची टोपली तेवढी दिसत होती. फेकली ती नाकासमोर गेली, थेट टोपलीपाशी. मास्तर म्हणाले, "पहिल्यांदा खेळतोय म्हणे! थापा मारतो लेकाचा." मीही मिशीला पीळ दिला. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

पुढच्या टोपलीला मात्र माझी तबकडी सापडेना. इथली रीत अशी, की कुणाचीही हरवली तरी सगळ्यांनी आपला खेळ थांबवून शोधायची. चौघं पालापाचोळा उचकत होतो. शेवटी न्हावी ओरडला, "अहो ड्रायव्हरसाहेब, काखेत कळसा नि गावाला वळसा! तुमच्या पायाशीच आहे की!" खरंच, लालभडक तबकडी माझ्या डाव्या बुटाला टेकून पडली होती. सगळे हसले, मीही हसलो. उचलून सरळ होताना बाजूची फांदी कपाळावर बसली, तेव्हा परत हसले. मेकॅनिक तेवढा हसला नाही.

त्यानंतर तो माझ्या शेजारून चालायला लागला. हळूच म्हणायचा, "मूळ आहे." "डावीकडे खड्डा." मला भयंकर राग आला. त्याचा नाही. मी भरलेली बस अरुंद गल्ल्यांतून एक ओरखडा न उठवता नेली आहे, आणि आता मला झाडाचं मूळ दाखवावं लागतं. पुढे खेळलो नाही. एका ओंडक्यावर बसलो आणि रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

तर डॉक्टरीणबाई. आधी कडेचं दिसणं जातं, मग मधलंही आकसत येतं. औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्मा नाही. बस परत मिळणार नाही. तुझ्या ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ माझ्यासाठी घेऊ नकोस. मी दुसरीकडेही दाखवून आलो, त्यांनीही तेच सांगितलं.

एवढं तर मी फोनवरही सांगू शकलो असतो. जे सांगता येत नव्हतं, ते आता लिहितो.

बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. मी आपल्या आजोबांचं सांगितलं, आईच्या वडिलांचं. भिंत चाचपत चालायचे, आपण म्हातारपण समजायचो. बाई म्हणाल्या, हा आजार बाईच्या अंगातून गुपचूप पुढे जातो, तिला स्वतःला बहुतेक काही होत नाही, आणि मुलग्यात उमटतो. आजोबांचा आईकडे आला, आईकडून माझ्याकडे. तुझ्याकडेही आला असेल. मग त्यांनी विचारलं, "बहिणीला मुलगा आहे?"

परवा तू फोनवर सांगत होतीस, पोरगा संध्याकाळ झाली की दारातल्या चपलांना अडखळतो, हाताशी ठेवलेला ग्लास लवंडतो, धपाटे घातले तरी सुधारत नाही. "अगदी मामावर गेलाय," म्हणालीस आणि हसलीस. मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं, लाइन गेली.

कदाचित तो नुसताच धांदरट असेल. देव करो आणि तसंच असो. पण त्याचे डोळे दाखवून घे. औषध नाही तर आधी कळून उपयोग काय, असं मीच बाईंना विचारलं होतं.  फक्त एवढं कर ताई, आजपासून त्याला मारू नकोस. तो मुद्दाम करत नसेल. त्याला ते दिसतच नसेल गं.

तुझ्या मुलाचा
मामा