आयोडीन पिऊन आलीस तेव्हा

आई,

काल तुझी नात भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. बारावीला आहे आता. अणूचं केंद्र फुटल्यावर नेमकं काय काय तयार होतं, ते तिला समजून घ्यायचं होतं. कॉलेजात इतकी वर्षं हेच शिकवते मी, पण काल मी पुस्तक मिटून तिच्या हातात परत दिलं. उद्या सांगते म्हटलं. घरात हे मी आजवर एकदाच सांगितलंय, ते तुला.

थायरॉइडच्या कॅन्सरमुळे तुझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टर आता किरणोत्सारी आयोडीन पाजणार होते. एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवण्यात तुझा जन्म गेला, शाळा चौथीपर्यंत. पण पोटात काय जाणार ते तुला कळायला हवं होतं. तू भाकरी थापतेयस, मी ज्वारीच्या पिठाचा गोळा हातात घेते. युरेनियमचं केंद्र असं समज, म्हणते. एक न्यूट्रॉन हळूच आत शिरला की ते डळमळतं, लांबट होतं, मधे बारीक होत जातं आणि तुटून दोन लहानमोठे तुकडे होतात. सोबत दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते शेजारची केंद्रं फोडतात. सगळं मिळून वजन आधीपेक्षा किंचित कमी भरतं. जे कमी भरतं त्याचीच ऊर्जा होते, त्यावर अणुभट्टीत वीज करतात. एखादा तुकडा आयोडीनचा असतो, तुझं औषध तसल्याच अणुभट्टीतलं. ते उरलेला रोग जाळतं आणि दर आठ दिवसांनी निम्मं होत जातं. माझ्या हातातल्या दोन तुकड्यांकडे बघत तू म्हणालीस, "म्हंजी फुटल्यावरबी धग ऱ्हातीच की." मी हो म्हणाले. मला तेव्हा तुझं फक्त कौतुक वाटलं होतं.

औषध घेऊन तू पुण्याच्या दवाखान्यातून थेट बार्शीला दादाकडे गेलीस, कारण तुझ्या अंगातून काही दिवस किरण निघणार होते आणि माझ्याकडे चार महिन्यांची मुलगी होती. जन्मल्यापासून तिला तूच न्हाऊ घालत होतीस. रोज फोन करायचीस. पालथी पडती का, दूध नीट पिती का, विचारायचीस. एके दिवशी म्हणालीस, "एकदा आण की तिला. हात न्हाय लावत. दारातनंच बगीन." डॉक्टर दोन महिने नको म्हणालेत, असं मी सांगितलं. "बरं," म्हणालीस, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. सातव्या आठवड्यात तुला धाप लागली. रोग फुफ्फुसात पोचला होता. मी मुलीला घेऊन बार्शीच्या स्टँडवर उतरले, तेव्हा दादा न्यायला आला होता. त्याच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं.

तुझ्या उशाशी टॉवेलच्या कापडाची दोन लाळेरी होती, तिच्यासाठी शिवलेली. मी ती घरी आणली, तीन वेळा धुतली, तरी तिच्या गळ्यात बांधायला माझा हात धजला नाही. मग मुलगी मोठी झाली.

हे पत्र वहीतच राहील. आज तिला सगळं नीट समजावून सांगीन, आयोडीनसुद्धा. एवढं मात्र तिला सांगणार नाही, दादालाही कधी सांगितलं नाही: डॉक्टर तीनच आठवडे म्हणाले होते. पुढचे दिवस मी माझ्या मनानं लावले, आई.