लिंबाच्या रसाची पत्रं

४ मार्च
वाचनालयात रंगकाम चाललंय, म्हणून पोरांचा विज्ञान क्लब आज शुश्रूषागृहात भरवला — माझ्या नवऱ्याच्या, होल्गरच्याच खोलीत. नऊ पोरं, नऊ लिंबं, दातकोरण्या. रसाने लिहायचं, वाळलं की कागद कोरा. इस्त्री फिरवली की तपकिरी अक्षरं. "जादू!" म्हणे. जादू कसली डोंबलाची! रस आधी करपतो, कागद नंतर.

होल्गर खुर्चीत. त्याला पक्षाघात होऊन चौदा महिने झाले. नळीने अन्न, डोळे छताला. डावा हात तेवढा पांघरुणावर खरडत असतो. "सवयीने हलतो, अर्थ नाही त्याला," डॉक्टर म्हणतात. पोरं त्याला घाबरतात. एलिनोर मात्र खुशाल शेजारी बसली. दहा वर्षांची आहे.

८ मार्च
यंदाचं पहिलं ईस्टर-पत्र! कातरलेली नक्षी, आत हिमफूल, नावाऐवजी ठिपके. खेळ जुनाच: पाठवणाऱ्याने ईस्टरपर्यंत तोंडाला कुलूप लावायचं, मी ओळखायचं. हरले तर चॉकलेटचं अंडं माझ्याकडून. पण नेहमीची कविता कुठाय? कोरा कागद! मग ट्यूब पेटली. इस्त्री. कोंबडीने खरडल्यासारखी अक्षरं — "मी झोपलेलो नाही. मी कोण?"

क्लबातला व्हिल्फ्रेड असणार. त्याला भुताटकीचा भारी नाद.

१५ मार्च
दुसरं. "रोज येतेस. दाराबाहेर रडतेस. ऐकू येतं."

मी रडते हे कुणाला माहीत? कुणालाच नाही! दिवे लावून बसले. चेष्टा असली तर फार झाली.

१८ मार्च
क्लबात विचारलंच, कोण ते. व्हिल्फ्रेड ओरडला, "बाई, विचारायचं नसतं! चीटिंग!" खरंय. लहानपणी मीही कधी गुपित फोडलं नाही. एलिनोर होल्गरजवळ मान खाली घालून कातरत होती.

२५ मार्च
क्लब आटोपला, डॉक्टर आले. खाटेपाशीच बोलले. "आत कुणी उरलेलं नाही. नळी काढावी. पुढच्या बुधवारी." मी हो म्हटलं. एलिनोर कागद गोळा करत होती, तिच्यासमोरच. लाज वाटली. होल्गरचा हात खरडत होता, मी घट्ट धरून ठेवला. मग निघाले, पोर तिथेच रेंगाळली होती.

२८ मार्च
तिसरं पत्र. इस्त्री तापवायचं त्राण नाही. राहू दे.

१ एप्रिल
काढली.

३ एप्रिल
ओठ ओले करत बसते. डोळे छताला नाहीत आता. माझ्याकडे असतात. मला तसं वाटतं, एवढंच. चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय मी!

५ एप्रिल, ईस्टर
कपडे बदलायला घरी आले तर एलिनोर पायरीवर. "हरलात ना बाई! द्या अंडं! दोन हं. एक होल्गरआजोबांचं."

"त्यांचं कशाला ग?"

"लिहिलं त्यांनीच. मी नुसती दातकोरणी रसात बुडवून हातात दिली, मग कातरलं, ठिपके काढले, पोस्टात टाकलं. काय लिहिलं ते मला नाही माहीत. वाळलं की दिसत नाही ना."

"सांगायचं नाही का मला!"

"ईस्टरच्या आधी कसं सांगणार, बाई?"

पावणेअकरा
तिसऱ्या पत्राला इस्त्री लावली. सुरुवातीलाच माझं नाव. "बोदिल. बुधवारी नको."

फोन केला. श्वास चालू आहे, नर्स म्हणाली. नळी घाला, आत्ता घाला, म्हणून ओरडले. टॅक्सी आली.