कोरं पोट

माय, तुला जाऊन इतकी वर्सं झाली, न् आज सकाळी मला कळलं की तुझ्या हातावरचे डाग तव्याचे नव्हते. केजच्या दवाखान्यात बसलेय. लेकरू खाटेवर हाय, एवढासा हात, त्याला सलाईन लावून फळीला बांधून ठेवलाय. तू गेलीस न् माझी शाळा चौथीतच सुटली, मला धड लिवता येत न्हाई. पण तुला सांगितल्याबिगर बसवंना.

डाव्या हाताला होते ते डाग, कोपराच्या आतल्या बाजूला, तीन, काळे, गोल. उमापूरच्या घरात तू चुलीपाशी बसायचीस, मी तुझ्या मांडीला टेकून त्यावर बोट ठेवायचे. हे काय गं? तू भाकर थापता थापता म्हणायचीस, "तवा चावला." मी हसायचे. रोज इचारायचे न् रोज तू तेच सांगायचीस. तवा कोपराच्या आत कसा चावंल, हे मला कधी सुचलंच न्हाई.

आपल्या घरात सगळ्यांच्या पोटाला डाग. आज्याला, बापाला, आत्याला, चुलतभावंडांना, बेंबीभवती पाच. आजी घालायची. लेकरू झालं की पाचव्या दिवशी बिबा दाभणाला टोचायचा, दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की पोटाला चटका द्यायचा. मग पोट फुगत न्हाई, लेकरू टणक होतं, म्हणायची. तिला तिच्या सासूनं शिकवलं, तिनं आत्याला. गावोगावच्या बाया लेकरं घेऊन यायच्या. मेंढरांची कोकरं न् घरची लेकरं तिच्या एकाच हाताखालून गेली. एक मीच कोरी. हौदावर आंघोळीला बसलो की चुलतभाऊ वरडायचा, "ए कोरे, तू आमच्यातली न्हाईस, तुला बाजारातून आणलीय!" आजी मला मांडीवर घ्यायची न्हाई. एकदा मी कोळशानं पोटाला पाच टिपके काढले न् तुला दाखवायला पळत आले. तू मला मारलंस. तेवढंच एकदा. मग पदर वला करून पोट लाल होईस्तोवर घासलंस, न् घासता घासता रडत होतीस. मला वाटलं, परकर घाण केला म्हणून.

माझं पोरगं दोन महिन्याचं हाय. परवापसून त्याचं पोट फुगलंय, दूध वकतंय, पाय पोटाशी घेऊन रडतंय. नवरा ट्रकवर गेलाय. सासू म्हणली, "आईचंच पोट कोरं, लेकरू टणक कुठून व्हायचं?" मला ते खरं वाटलं. लहानपणापसून जरा ताप आला तरी मनात तेच यायचं, सगळ्यांचं केलं, माझंच कावून केलं न्हाई. माझ्या मायला माझी पर्वा नव्हती.

आत्याला शेजारच्याच गावात दिलीय. ती सकाळी आली. सासूनं दिवा लावला, बिबा टोचून ठेवला. मी लेकराचं आंगडं वर केलं. आत्यानं बिबा दिव्यावर धरला, तेल सुटलं, न् ती लेकराकडं बघायची सोडून माझ्याकडंच बघायला लागली.

"तुझ्या मायनं तुला काय सांगितलं न्हाई का गं?"

"काय?"

सासू म्हणली, "गप्पा मागून मारा, बिबा गार होतोय."

"होऊ द्या, विहीणबाई," आत्या म्हणली न् दाभण खाली ठेवून सांगायला लागली.

माय, माझ्याआधी तुला पोरगा झालता. हे मला कुणीच सांगितलं न्हाई, तू पण न्हाई. आजीनं त्याला पाच डाग दिले, पाय आत्यानं धरलते. डाग पिकले, लेकरू तापलं न् गेलं. बारसं सुदिक झालं नव्हतं. मग मी झाले. पाचव्या दिवशी आजी तोच दिवा घेऊन आली. तू मला छातीशी घेऊन पाजत होतीस. तू माझ्या पोटावर आडवा हात घातलास. आजी म्हणली, हात काढ. तू काढला न्हाईस. "मग तुझ्या हातालाच घे," म्हणून तिनं चटका दिला. तिला वाटलं काढशील. दुसरा दिला. तिसरा दिला. "तुझी माय वरडली सुदिक न्हाई," आत्या म्हणली. "तुझं दूध तुटू दिलं न्हाई तिनं. शेवटी माझ्या मायचाच हात गळाला."

तू तवा माझ्याहून लहान असशील. कुठून आणलंस गं एवढं?

सासू उठली. "तुमाला जमत न्हाई तर आणा हिकडं, मी घालते." तुझ्यासारखा हात आडवा घालायची हिंमत मला झाली न्हाई. मी लेकरू उचललं न् पळाले. पायात चप्पल न्हाई, मागून आत्या. फाट्यावर जीप भरल्याबिगर निघंना. आत्या डायवरला म्हणली, "मेल्या, हाकतोस का पेटवू तुझा डबा?" तवा हालला.

डॉक्टरीण बाईनं आंगडं वर केलं, पोट बघितलं न् म्हणली, "डाग दिले नाहीत ना? बरं केलंत. पण आधी आणायचं होतं. उद्यापर्यंत बघू." उद्यापर्यंत म्हणजे काय, मला इचारायला झालं न्हाई. पोट अजून ताठ हाय. मी त्याच्यावर हात ठेवून बसलेय, वरखाली होतंय, थांबलं तर कळावं म्हणून. आत्या बाहेर पायरीवर बसलीय, पदरात तोंड घालून. सासू येते म्हणून फोन आला. येऊ दे. मी हात काढायची न्हाई.

हे तुला कुठं धाडू, न् तुला कुठं वाचता येत होतं. घडी घालून लेकराच्या दुपट्याखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं, माय. आत्याला सासूनं बोलावलं नव्हतं. फोन मी केलता. म्हणलं, माझं झालं न्हाई, माझ्या लेकराचं तरी होऊ दे.