चार अक्षरांचा जेहा

सोल, ७ ऑक्टोबर

ती. मावशीला बोरामचा शि. सा. न.

चुसॉकच्या सणाला तुझ्याकडे आले आणि चार किलो वजन घेऊन परतले. डब्यातली सुकी मासळी अजून पुरते आहे. जेहाला तुझी ऑयस्टरची भजी इतकी आवडली की गाडीत त्याने तीनदा आठवण काढली, आणि तो म्हणजे स्वतःहून बोलणाऱ्यातला नव्हेच. फोनवर तू निम्म्यात बोलायला लागतेस म्हणून हे पत्र. यात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आम्ही निघताना तू विचारलंस की, होणारा जावई भला आहे, पण इतका गप्प का? त्याचंच उत्तर देते. मावशी, तो आय-एन-एफ-जे आहे. हसू नकोस. प्रश्नांची उत्तरं दिली की चार अक्षरं निघतात आणि माणूस कसा आहे ते कळतं. आमच्या ऑफिसात आता प्रत्येकाच्या टेबलावर नावाखाली ती अक्षरं लावली आहेत. कुणी रडत असताना कुणी हिशेबी उत्तर दिलं, की सगळे विचारतात, तू टी, म्हणजे मनाआधी डोकं चालवणारा, आहेस का? जेहाची अक्षरं म्हणजे माझ्या अक्षरांना सगळ्यात जुळणारी. पहिल्या भेटीत मी तेच आधी विचारलं होतं. अशी माणसं आपल्याच आत रमतात. मित्रमंडळींच्या गोंगाटात तो तासभर नुसता हसत बसतो, तेव्हा मी त्याला त्रास देत नाही. पूर्वी असा गप्प माणूस भेटला असता तर मी वैतागले असते. आता कारण ठाऊक आहे, त्यामुळे भांडणच होत नाही.

प्रश्न छापून सोबत पाठवते आहे. माझ्या अक्षरांखालचं वर्णनही जोडलं आहे. तू आणि काका दोघांनी सोडवा. काकांची अक्षरं मी आधीच ओळखून ठेवली आहेत.

माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर भजी पाठव.

तुझी
बोराम

&nbsp;

तोंगयोंग, १९ ऑक्टोबर

चि. बोरामला मावशीचे अ. आ.

तुझे प्रश्न सोडवले. काकांनी तिसऱ्या प्रश्नाला चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, समारंभात मला लोकांत मिसळायला आवडतं की नाही ते जेवणात काय आहे यावर आहे. त्यांना अक्षरं मिळाली नाहीत.

मी मात्र इमाने इतबारे सोडवले. सकाळी एक उत्तर आलं. दुपारी तुझ्या काकांनी माझी वाळत घातलेली पर्सिमॉनची फळं शेजारी वाटून टाकली, त्यानंतर पुन्हा सोडवले, तर चारातली दोन अक्षरं बदलली. आता मी सकाळची खरी की दुपारची, हे तूच सांग.

पण गंमत पुढेच आहे. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, खोड जात नाही. तुझं वर्णन मी गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात घेऊन गेले. अक्षरं कापून टाकली. गरम पाण्याच्या हौदात बसलेल्या एकेकीला वेगळं गाठून दोन-चार प्रश्न विचारले आणि सांगितलं की, अगं, ही तुझ्या उत्तरांवरून निघालेली माहिती, ऐक. बाहेरून शांत, आतून हळवी. माणसांत रमते पण कधी कधी एकटं राहावंसं वाटतं. दुसऱ्यांसाठी झिजते आणि त्याची कदर होत नाही. औषधाच्या दुकानवालीने मान डोलावली. तिथे पाठ चोळून देणारी म्हणाली, हे माझ्या नवऱ्याला वाचून दाखवा. आणि आपली शेजारीण माल्सुक, जिने गेल्या वर्षी सुनेच्या अंगावर बादली फेकली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, चाळीस वर्षांत मला इतकं कुणी ओळखलं नव्हतं.

घरी येऊन मीही ते पुन्हा वाचलं. बोराम, खरं सांगते, मलाही वाटलं की हे माझंच आहे. त्याचंच मला नवल वाटतंय. कुणीतरी आपल्याला ओळखावं याची आपल्याला इतकी भूक असते का, की कुणाच्याही मापाचा झगा अंगाला बसतो?

आणखी एक. जेहा धक्क्यावर फिरताना सतत तुला आपल्या उजवीकडे घेत होता. मोटारी तुझ्या अंगाला घासून जात होत्या तरी. मला आधी वाटलं, रीत नाही पोराला. मग काकांनी डावीकडून सणाला केलेल्या गोड सोंगप्योनचं ताट पुढे केलं, दोनदा हाक मारली, तर ह्याचं लक्षच नाही. उजवीकडून मी हळूच बोलले तर लगेच वळला. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. त्याला डाव्या कानाने नीट ऐकू येतं का गं?

थंडी पडायला लागली, गळा झाकून फीर.

तुझी
मावशी

&nbsp;

सोल, २ नोव्हेंबर

ती. मावशीला शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी चिडले. तू आणि आईने आमच्या जन्मवेळा घेऊन डोंगरावरच्या ज्योतिषिणीकडे चक्कर मारली, हे मला कळलं नाही असं समजू नकोस. तिने उंदराच्या वर्षी जन्मलेल्याचं आणि घोड्याच्या वर्षी जन्मलेल्याचं जमत नाही म्हटल्यावर तुम्ही दुसरीकडे गेलात, जिने जमतं म्हणून सांगितलं. आणि हसायचं मला?

कानाचं म्हणशील तर तसं काही नाही. दोन वर्षांत मला कळलं नसतं का? तो विचारांत असतो. त्या लोकांचं असंच असतं.

एवढं लिहून पत्र तसंच ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते आहे. परवा जेहाच्या घरी जेवायला गेले. त्याच्या बहिणीला मी सहज म्हटलं की, तुमच्या दोघांची अक्षरं सारखी कशी? ती घास तोंडात असताना हसायला लागली. म्हणाली, त्याने ती परीक्षा दिलीच कुठे? भेटीच्या दिवशी तुमची ओळख करून देणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं होतं की बोराम पहिलं हेच विचारते. म्हणून बहिणीची, म्हणजे माझी, अक्षरं पाठ करून गेला. त्या घरात सगळ्यांना वाटत होतं की मला हे आधीच ठाऊक आहे. जेहाने मान खाली घातली आणि भातात चमचा फिरवत राहिला.

मावशी, लग्नाचा हॉल मार्चसाठी ठरलाय. आणि मी कुणाशी लग्न करते आहे ते मला ठाऊक नाही. त्याच्या गप्प बसण्याला मी ज्या ज्या अर्थाने समजून घेतलं, ते सगळे अर्थ त्याच्या बहिणीचे होते. अंगठी काढून ठेवली आहे. त्याला म्हटलं, काही दिवस भेटू नकोस.

आईला अजून बोलले नाही. तूही बोलू नकोस.

बोराम

&nbsp;

तोंगयोंग, ६ नोव्हेंबर

चि. बोरामला अ. आ.

आईला बोलणार नाही. ज्योतिषिणीचं खरं आहे, आणि आम्ही तिसरीकडेही जाणार होतो.

तो खोटं बोलला. दोन वर्षं ते तसंच राहू दिलं, हे त्याहून वाईट. त्याची बाजू मी घेणार नाही. लग्न कर किंवा मोडून टाक, तुझ्या खोलीला इथे कुलूप लागलेलं नाही.

पण मोडायचं तर खऱ्या जेहाशी मोड. डावीकडे बसून हळू बोलून बघायचा मोह तुला होईल, मला झाला असता. तसं करू नकोस. मी जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्या, त्यात मुलं काय लपवतात तेवढंच कळतं. सरळ विचार.

काका म्हणतात, ये आणि दोन दिवस झोप.

मावशी

&nbsp;

सोल, २८ नोव्हेंबर

ती. मावशीला बोरामचा मनापासून नमस्कार.

विचारलं. नदीकाठच्या बाकावर बसलो होतो, थंडीने नाक गळत होतं. मी म्हटलं, जेहा, तुला डाव्या कानाने ऐकू येतं का? तो बराच वेळ गप्प होता, आणि या वेळी मी त्या गप्प बसण्याला कुठलंच नाव दिलं नाही. मग म्हणाला, नाही. अजिबात नाही. नऊ वर्षांचा असताना ताप आला होता, तेव्हापासून. शाळेत पोरं मागून डावीकडून काहीबाही बोलायची आणि हा वळत नाही म्हणून हसायची. तेव्हापासून त्याने घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. गोंगाटात त्याला सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले ऐकू येतात, म्हणून तो हसत बसतो. मला सांगायचं त्याच्या मनात होतं. पण प्रत्येक वेळी मीच मित्रांना म्हणायचे की, त्याला राहू द्या, तो तसाच आहे. त्याला वाटलं, बरं झालं, कारण तयारच आहे.

मग मला एकदम बसमधली ती संध्याकाळ आठवली. तुला कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी बाबांच्या श्राद्धाहून परतताना मी खिडकीशी होते, तो माझ्या उजवीकडे. तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की मी अजून कधी कधी बाबांचा जुना नंबर फिरवते. तो आता कुणा बाईला मिळालाय. ती हॅलो म्हणते आणि मी ठेवून देते. जेहा एक शब्द बोलला नाही, फक्त माझा हात हातात घेतला आणि सोलपर्यंत सोडला नाही. न बोलता समजून घेणारा माणूस, म्हणून मी त्याच दिवशी मनात लग्न ठरवलं होतं. मी त्याच्या डावीकडे होते, मावशी.

बाकावर त्याला ते विचारलं. तो म्हणाला, शब्द ऐकू आले नव्हते. तुझा चेहरा दिसला होता. काय झालं ते पुन्हा विचारायची लाज वाटली.

मी खूप रडले, रागानेच बहुधा. मग उठून त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

लग्न मोडलेलं नाही. मार्चचा हॉल मात्र सोडला, ऑक्टोबर बघतो आहोत. अंगठी अजून खणातच आहे. दोघं कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, गेलेलं परत येणार नाही म्हणाले, पण एक यंत्र सुचवलंय. आणि एक सांगू? शांत जागी, उजवीकडे बसलं, की हा माणूस बडबड्या आहे. माझं वाक्य पुरं होऊ देत नाही. त्याचे विनोद फार वाईट असतात. कुठल्या अक्षरांत बसतो ते मी पाहिलं नाही. माझ्या टेबलावरची पाटी तेवढी अजून तशीच आहे, ती काढायला धीर होत नाही. रोज काहीतरी नवीन निघतं, कधी आवडतं, कधी मुळीच नाही.

त्या दिवशी बाकावर मी त्याला बाबांच्या नंबरचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी त्याने हात धरला नाही, प्रश्न विचारले. बाबा फोन उचलल्यावर आधी काय म्हणायचे, हेही विचारलं. मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, ते हॅलो म्हणायचेच नाहीत, थेट विचारायचे, जेवलीस का.

काकांना नमस्कार. तुम्हा दोघांचा जीव माझ्यावर असाच असू दे, आणि जेहावर हळूहळू बसू दे.

तुझी
बोराम