विचारणारा सर्व्हर

४ नोव्हेंबर २०२४, मालवण
पुण्याचं बस्तान आवरून आज इथे आले. आमचं घर तळेऱ्याचं, काजूवालं; समुद्र मला कुणकेश्वरच्या यात्रेपुरताच माहीत. मच्छीमार सोसायटीचं ऑफिस बर्फाच्या कारखान्यावर आहे, खिडकीतून सबंध जेटी दिसते. राहायला खोली आनंदीकाकींकडे. पहिल्याच जेवणाला तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. त्यांचे यजमान सत्यवानकाका उद्या ट्रॉलर घेऊन आठ दिवसांसाठी निघतील. मी जाम खूश आहे.

६ नोव्हेंबर
काम असं: ४१२ ट्रॉलरवर ठिकाण कळवणारी यंत्रं आहेत, त्यांना संकटात दाबायचं बटणही आहे. पुढे हजारो होतील. जुना सर्व्हर एकेका ट्रॉलरमागे एकेक कारकून बसवल्यासारखा चालतो आणि आत्ताच धापा टाकतो. मला आयत्या कोडची अशी लायब्ररी निवडायची आहे, जिच्यात एकच प्रोग्रॅम सगळ्या ट्रॉलरच्या जोडण्यांकडे कान देऊन बसेल आणि जी बोलेल तिचं काम करील. दोन उरल्या. पहिली नुसती ऐकते. दुसरी गप्प जोडण्यांना दर तीस सेकंदांनी स्वतःहून विचारते, कुठे आहात? चाचणीत पहिलीने दहा हजार जोडण्या आरामात पेलल्या. दुसरी सहा हजारांवर गुदमरली. पहिली ठरली.

७ नोव्हेंबर
आमचे साहेब रविकांत सर म्हणाले, दुसरीच घ्या. कारण काय, तर तिच्या स्क्रीनवर ट्रॉलर हिरवे लुकलुकतात आणि मंगळवारी पाहुणे येणार आहेत. माझे आकडे वाचलेसुद्धा नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी काकींना सांगितलं, तर त्यांचा हात परातीतच थांबला.
“दर्यात गेलेल्याक खंय म्हणान इचारूचा नाय गो. तो आपणच काय ता सांगतलो.”
घरून निघताना कुणी ‘कुठे’ असं विचारलं की आमचे बाबाही चिडून परत ओट्यावर येऊन बसायचे. ते आठवून मी हसले. सकाळी दुसरी निवडल्याच्या अहवालावर सही करणार आहे. भांडायचा कंटाळा आला, एवढंच खरं कारण.

११ नोव्हेंबर
नवा सर्व्हर सुरू केला. विचारलं ४१२ जणांना, उत्तरं आली ४१३. जास्तीचं उत्तर २०७ नंबरचं. तो ट्रॉलर तीन वर्षांपूर्वी वादळात बुडाला. सत्यवानकाकांचा भाऊ हरिश्चंद्र त्यावर होता. नंबर तेव्हाच रद्द केलेला. कोड तीनदा तपासला, चूक नाही. सर म्हणाले, जास्त दिसतायत तर चांगलंच आहे की. त्यांच्या तोंडावर फाइल भिरकावावीशी वाटली.

१२ नोव्हेंबर
सकाळी ९०० उत्तरं. पाहुण्यांनी हिरव्या ठिपक्यांना टाळ्या वाजवल्या.
तीन वाजता ६,३४०. एवढे ट्रॉलर अख्ख्या जिल्ह्यात नाहीत. नंबर नसलेले. एकाच जागी थांबलेले. सगळे उत्तर देतायत.
सत्यवानकाकांनी बटण दाबलं ४.०२ ला. आमच्याकडे नोंद ४.१३ ला. अकरा मिनिटं त्यांचा निरोप त्या उत्तरांच्या रांगेत अडकून होता.
शोधबोट गेली. तिथे काही नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळ
अकरा मिनिटं. सही माझी. मला माहीत होतं की ती लायब्ररी गुदमरते. माहीत असून केली. स्वतःचीच शिसारी येते.
रविकांत म्हणतो बंद करायचं नाही. मी वायर उपटली. त्याने मला ऑफिसात कोंडून बाहेरून कुलूप घातलं. पोलीस आणतो म्हणाला.
वायर माझ्या हातात आहे. स्क्रीन चालूच. आकडा वाढतोय —

संध्याकाळ
काकांचा ट्रॉलर हिरवा झाला. ठिकाण: आमची जेटी.
जेटी रिकामी आहे. मी बघतेय. रिकामी आहे.
खाली रविकांत त्याच्या स्क्रीनवर तेच बघत काकींना फोनवर सांगतोय, आले हो, आले. नालायका, एकदा मान वर करून बघ तरी —

काकी धावत आल्या. मी ओरडतेय. कारखान्यात आता बर्फ फोडतायत, ऐकूच जात नाही.
काकी जेटीच्या पायऱ्या उतरल्या. पाणी कमरेला — हसतायत — हात पुढे केलाय, कुणीतरी धरल्यासारखा —

काच फुटत नाही —

स्क्रीनवर नवी जोडणी. यंत्र नाही. नंबर नाही. नाव आनं