कडीवरचा हात

प्रिय सुभेदार,

‘प्रिय’ वाचून हसू नका. तुम्ही होता तेव्हा मी नुसतं ‘अहो’ म्हणायची. आता ‘अहो’ म्हटलं आणि कुणी ओ दिली तर, या धास्तीनं जीभच उचलत नाही. म्हणून भरदुपारी लिहायला बसलेय. साताऱ्याच्या या घरात उजेड आहे तोवरच माझं धैर्य, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आजच का लिहितेय? तुमच्या कादंबरीवरच्या मालिकेचा चौथा भाग उद्या मुंबईच्या टेलिव्हिजनवाल्यांना लिहून पाठवायचाय. उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं पुस्तक, आणि त्याचे चारच भाग! टेलिव्हिजनचा तो डबा मी पुण्याच्या भाच्याकडे एकदाच पाहिलाय. शाळेच्या गॅदरिंगला नाटुकली बसवणाऱ्या बाईला हे काम का दिलं, तर ते म्हणतात, ‘बाई, तुम्हाला कादंबरी पाठ असेल.’ पाठ कसली? एकटीनं मी ती कधी उघडलीच नाही हो. तुम्ही वाचायचात, मी पदर तोंडात धरून ऐकायची.

त्या ऐकलेल्यावरच तीन भाग कसेबसे लिहिले. धरणात बुडालेलं गाव, आणि पाण्याखालची मेलेली माणसं वरच्या नव्या वस्तीत येऊन दारं ठोठावतात. असलं सुचायचं तरी कसं तुम्हाला? लढाईला न भ्यालेला गडी भुतांवर लिहितो म्हणून औंधची भावकी चेष्टा करायची. तुम्ही म्हणायचात, “भ्यालो न्हाई आसं कोन म्हनलं?”

घरची रीत मात्र तुम्ही सोडली नाहीत. श्रावणात पोथी वाचताना तिच्यातलं कुणी संकटात असेल तर तिथं पोथी बांधायची नाही. त्याची सुटका होईपर्यंत वाचायचं, मग भाकरी गार झाली तरी चालेल. म्हणूनच तुमच्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी दिवा लावतं. मुंबईच्या साहेबांना नेमकं तेच खटकलंय. ते लिहितात, प्रत्येक भाग भीतीच्या ऐन टोकावर तोडा, आठवडाभर लोकांचा जीव टांगणीला लागला पाहिजे. तिसरा भाग त्यांना वरच्या वस्तीतल्या रखमापाशी तोडायचाय. बाहेरून तिचा बुडून मेलेला नवरा हाक मारतोय, आतून तिचा हात कडीवर, आणि संपलं.

तिथंच तर तुम्ही मला सोडून गेलात!

सांगलीच्या दवाखान्यात तुम्हाला दम लागायचा, म्हणून पहिल्यांदा मी वाचून दाखवत होते. शेजारच्या खाटेवर प्लास्टरमध्ये पाय घातलेले तासगावचे द्राक्षबागायतदार, तेही कान देऊन ऐकत. रखमाचा हात कडीवर गेला आणि तुम्ही माझं मनगट धरलंत.

“आज हितंच ठेव. उद्याला कायतरी ऱ्हाऊ दे.”

“आवं सुभेदार, दिव्यापातूर तरी वाचू द्या की,” तासगावकर कुरकुरले. तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक मिटलंत.

तो उद्या उजाडला तेव्हा तुम्ही नव्हता.

तेव्हापासून मनानं एकच धरलंय, या वेळी दिवाच नसणार. दाराबाहेर असं काही असणार, जे तुम्हाला माझ्या कानावर घालायचं नव्हतं. असं का केलंत? पोथीतल्या परक्याला कधी संकटात ठेवलं नाहीत, आणि बायकोलाच ठेवलंत? दिवस मावळायच्या आत मी कडी घालते. वाऱ्यानं दार वाजलं तरी तुमची हाक वाटते. खरं सांगू? मला तुमची भीती वाटते. ज्याच्या जवळ सरकलं की भीती जायची, त्याचीच.

पुस्तक समोर आहे. खूण म्हणून घातलेलं सांगलीचं एस्टीचं तिकीट अजून तिथंच आहे. या पानाच्या पुढं गेल्याशिवाय चौथा भाग लिहिता येणार नाही. उघडते.

वाचलं.

त्या प्रकरणाचा एकच परिच्छेद उरला होता हो! रखमा दार उघडते. दारात कुणी नाही. ओली पावलं उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी फिरलेली. ती दिवा लावते, आणि या वेळी घरात ठेवत नाही, उंबऱ्याबाहेर ठेवते. परत जाणाऱ्याला वाट दिसावी म्हणून.

म्हणजे मी आत कडी घालून बसले, आणि तुम्ही बाहेर अंधारातच?

हे तुम्हीच लिहिलेलं, तुम्हाला ठाऊक होतं. तरी थांबवलंत. मला भिववायला नाही, तुम्हाला आणखी एक उद्या हवा होता. भ्याला होता तुम्ही. माझ्यासारखेच. तेवढं तरी सांगायचं होतं, मी रात्रभर हात धरून बसले असते.

आता शब्द देते. साहेब रागावले तर रागावोत, तिसरा भाग दिव्यावरच संपेल. तासगावला एक कार्ड टाकीन, दिवा लागला म्हणून. आणि आज दिवेलागणीला मी कडी घालणार नाही. भीती वाटेल, वाटू दे. उंबऱ्याबाहेर दिवा ठेवीन आणि तुम्ही वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहीन. फक्त हाक मारू नका. हाक मारलीत तर मी तुम्हाला जाऊ देणार नाही.

तुमचीच भित्री,
सुमन